मोटारहोमची शोअर पॉवर बंद पडली तर: खांबापासून सॉकेटपर्यंत दोष कसा शोधायचा

शोअर पॉवर म्हणजे कॅम्पसाइटच्या खांबावरून केबलने गाडीत येणारी वीज. तिचा दोष शोधताना शेवटपर्यंत एकच प्रश्न धरून चालावं: वीज धड कुठपर्यंत पोहोचते आहे? कॅम्पसाइटवरच्या खांबाचा ब्रेकर, खांबावरचं सॉकेट, केबल, गाडीच्या बाहेरचं इन्लेट (ज्यात केबल खोचतात), असल्यास सर्ज प्रोटेक्टर (चुकीच्या व्होल्टेजपासून वाचवणारी पेटी), मग चेंजओव्हर स्विच (कुठला पुरवठा आत घ्यायचा ते निवडणारा), गाडीतला मुख्य ब्रेकर आणि आरसीडी (गळती ओळखून वीज तोडणारा), त्यापुढचे छोटे एमसीबी (एकेका सर्किटचे ब्रेकर) आणि शेवटी सॉकेट, चार्जर, गीझर, एसी (एअर कंडिशनर). वीज याच क्रमाने जाते. जिथपर्यंत ती ठीक आहे आणि जिथून पुढे बिघडते, त्या दोन टप्प्यांच्या मधे दोष असतो. हे ठरवण्याआधी चार्जर बदलणं, नवी केबल आणणं किंवा पडलेला ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करणं यात पैसा आणि वेळ जातो, आणि ब्रेकरच्या बाबतीत ते धोक्याचंही आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. मोटारहोममध्ये दोन वेगळ्या विजा असतात: बाहेरून येणारी २३० किंवा १२० व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) आणि बॅटरीची १२ व्होल्टची एकदिश (डीसी). दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं कंट्रोल सर्किट हे सहसा १२ व्होल्टवर चालतं. त्यामुळे दिवे लागले म्हणजे शोअर पॉवर आली असं होत नाही, आणि दिवे गेले म्हणजे ती गेली असंही नाही. बाहेरची वीज दोन दिवसांपूर्वी तुटलेली असते, बॅटरी तोवर तग धरते आणि मग मध्यरात्री सगळं एकदम बंद पडतं. लोक त्या वेळी बॅटरीला दोष देतात.

हात लावण्याआधी

मल्टिमीटर कॅट ३ या सुरक्षा-वर्गाचा घ्या, स्वस्तातला नको. खांबावरच्या सर्किटमध्ये दोषाच्या वेळी प्रचंड प्रवाह वाहू शकतो आणि हलका मीटर हातातच फुटू शकतो. सोबत एक प्लग-इन सॉकेट टेस्टर, एक स्पर्श न करता वीज ओळखणारं टेस्टर पेन आणि जमलं तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) असावा. पायात कोरडे बूट हवेत, हातात अंगठी नको आणि जमीन ओली असेल तर मोजमाप पुढे ढकला.

प्लग, इन्लेट किंवा बोर्ड उघडायचा असेल तर केबल खांबावरून प्रत्यक्ष काढून बाजूला ठेवा. नुसता ब्रेकर बंद करणं पुरेसं नाही. इन्व्हर्टर आणि जनरेटरही बंद करा. बऱ्याच गाड्यांमध्ये बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि सॉकेट पुन्हा जिवंत होतात. केबल काढली म्हणजे सगळं मृत झालं, या समजुतीतून गंभीर अपघात होतात.

गाडीच्या बॉडीला, पायरीला किंवा दाराच्या कडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर बाकी सगळं सोडा. खांबाचा ब्रेकर बंद करा. तोपर्यंत आतल्या माणसांना आतच राहू द्या, कारण एक पाय जमिनीवर आणि हात बॉडीवर, हीच सर्वांत वाईट स्थिती असते. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नेमकं काय बंद आहे?

सगळी सॉकेट, एसी, गीझर, चार्जर असं सगळंच मृत असेल तर दोष मुख्य ब्रेकरच्या आधी किंवा त्यातच आहे. एखाद्याच बाजूची सॉकेट बंद असतील तर बाहेर जाऊच नका. आतला एमसीबी किंवा स्वयंपाकघराजवळचा संरक्षक सॉकेट पडला असणार. उत्तर अमेरिकी गाड्यांत एकाच जीएफसीआय (गळती झाली की वीज तोडणाऱ्या) सॉकेटच्या मागे बाहेरचं आणि बाथरूमचं सॉकेट जोडलेलं असतं, आणि त्याचं रीसेट बटण कुठल्या तरी कपाटाआड असतं. सॉकेट चालतात पण बॅटरी चार्ज होत नाही, ही तक्रार शोअर पॉवरची नाही, चार्जरची आहे.

वीज येते पण एसी किंवा किटली लावली की जाते, हा चौथा प्रकार. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण तो जास्तीच्या लोडमुळे असू शकतो, ढिल्या जोडामुळे असू शकतो आणि गळतीमुळेही. तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत.

खांबावरचं मोजमाप

साध्या कारणांपासून सुरुवात करा. काही खांबांवर प्रीपेड मीटर असतो आणि शिल्लक संपलेली असते. काही निळ्या सॉकेटमध्ये प्लग आत ढकलून उजवीकडे फिरवल्याशिवाय वीज सुरूच होत नाही. शेजारच्या खणातला ब्रेकर तुमचा समजून वर-खाली केला जातो, असंही होतं.

मग मीटर लावा. गाडीची केबल जोडण्याआधी, नुसत्या सॉकेटवर, तीन मापं घ्यायची: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात पहिली दोन मापं साधारण २०७ ते २५३ च्या दरम्यान आणि एकमेकांच्या अगदी जवळ असावीत. तिसरं शून्य ते एक-दोन व्होल्ट. फेज-न्यूट्रल ठीक आणि फेज-अर्थ शून्य किंवा अधलंमधलं काहीतरी असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे. फेज-न्यूट्रल शून्य पण फेज-अर्थ पूर्ण, तर न्यूट्रल तुटलेला. न्यूट्रल-अर्थमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसलं तर फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत. काही जाळ्यांत मात्र, उदाहरणार्थ नॉर्वेच्या जुन्या पुरवठ्यात, दोन्ही तारांवर अर्थच्या मानाने व्होल्टेज असतं. तिथे सॉकेट टेस्टरचे दिवे दिशाभूल करतात.

उत्तर अमेरिकेत ३० अँपिअरच्या टीटी-३० सॉकेटवर १२० व्होल्टच असायला हवेत. घरगुती वायरिंगचीच सवय असलेला वायरमन हे तीन पिनांचं सॉकेट कपडे वाळवण्याच्या मशीनचं समजतो आणि त्याला २४० व्होल्ट जोडून मोकळा होतो. त्यात केबल खोचली की गाडीतली उपकरणं काही क्षणांत जळतात. म्हणून नव्या जागी मोजल्याशिवाय जोडू नये, हा नियम मी तरी कुठल्याही कारणाने मोडणार नाही.

५० अँपिअरच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये दोन फेज असतात. प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२० आणि दोन फेजमध्ये २४० व्होल्ट हवेत. इथला सर्वांत घातक दोष म्हणजे तुटलेला किंवा ढिला न्यूट्रल. अशा वेळी दोन्ही बाजूंचं व्होल्टेज त्या-त्या बाजूच्या लोडनुसार विभागलं जातं: जिथे लोड जास्त तिथे ८० व्होल्ट, जिथे कमी तिथे १६० असंही होऊ शकतं. दिवे एका बाजूला मंद आणि दुसऱ्या बाजूला नेहमीपेक्षा झगझगीत दिसू लागले, एसी सुरू होताच त्यांचा उजेड उलटसुलट झाला, तर मोजत बसू नका. खांबावरून लगेच बंद करा.

खांबावरच माप चुकीचं आलं तर काम तिथेच संपलं. व्यवस्थापकाला मापं दाखवा आणि दुसरी जागा मागा. त्यांचा खांब आपण उघडायचा नाही.

लोड नसताना मीटर फसवतो

डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे जोड कितीही गंजलेला असला, केबलमधल्या तारेचे दोन-चारच धागे शिल्लक असले, तरी मीटर २३० व्होल्ट दाखवतो. पूर्ण तुटलेल्या तारेवरही शेजारच्या तारेमुळे ३०-४० व्होल्ट किंवा त्याहून जास्त तरंगतं व्होल्टेज दिसू शकतं. दोष उघडा पडतो तो लोड दिल्यावर.

गाडीतल्या सॉकेटवर व्होल्टेज लिहून घ्या. मग दीड ते दोन हजार वॉटचा हीटर लावा, खांबाचा ब्रेकर तेवढा असेल तर, आणि पुन्हा मोजा. २५ मीटर लांबीच्या, २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलमध्ये १६ अँपिअरला सुमारे ६ व्होल्टची घट अपेक्षित आहे. दीड चौरस मिलिमीटरची बारीक तार असेल तर ती दहाच्या आसपास जाते. २३० चे २२४ झाले तर चिंता नको. २०५ झाले तर कुठेतरी अडथळा आहे. आता खांबावर दुसरं मोकळं सॉकेट असेल तर हीटर चालू असताना तिथलंही व्होल्टेज बघा. तिथेही तेवढंच पडलं असेल तर दोष साइटच्या तारांचा. तिथे टिकलं आणि गाडीत पडलं तर केबल, इन्लेट किंवा त्यापुढचा जोड.

पण एवढ्यावर विसंबू नका. ०.२ ओहमचा एक खराब जोड १६ अँपिअरला फक्त ३ व्होल्ट खातो, मीटरवर ते लक्षातही येत नाही. त्याच जोडात मात्र सुमारे ५० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे प्लगच्या आत एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं. म्हणून हीटर वीस मिनिटं चालवून खांबाच्या ब्रेकरने वीज बंद करा आणि दोन्ही टोकांचे प्लग हाताने चाचपा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर तो प्लग बदलायचा. पिन काळी पडली आहे, प्लास्टिक पिवळट किंवा वितळलेलं आहे, जळका वास येतो, यातलं काहीही दिसलं तरी पिन घासून पुन्हा वापरू नका. उष्णतेने आतल्या क्लिपची पकड गेलेली असते. चकाकणारी पिनसुद्धा पुन्हा तापणारच. आणि नवा प्लग त्याच जळक्या सॉकेटमध्ये घातला तर तोही जातो. दोन्ही बाजू बघा. खांबाचं सॉकेट काळं असेल तर त्यात केबल लावूच नये.

केबल रीळवर गुंडाळलेली ठेवू नका. तिच्यातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात. उरलेली लांबी जमिनीवर मोकळी, सैल वेटोळ्यांत पसरा. केबल वाकवल्यावर वीज येते-जाते असं झालं तर तुटलेली जागा बहुधा प्लगपासून वीतभर अंतरात सापडते, कारण तिथेच ती रोज वाकते.

इन्लेट आणि चेंजओव्हर

केबल ठीक असेल तर इन्लेटचं झाकण उघडून ओल, मुंग्या, हिरवट गंज बघा. आतल्या बाजूचे स्क्रू गाडीच्या धक्क्यांनी ढिले होतात. हे काम केबल काढून, इन्व्हर्टर बंद करून.

सर्ज प्रोटेक्टर किंवा वीज-व्यवस्थापनाची पेटी असेल तर थोडं थांबा. एसीचा कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी अशा अनेक पेट्या वीज आल्यावर दोनेक मिनिटं पुढे सोडत नाहीत. त्या काळात लोक केबल काढून पुन्हा जोडतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतरही वीज आली नाही तर पेटीच्या पडद्यावरचा संदेश वाचा. १२० व्होल्टच्या पेट्या साधारण १०४ च्या खाली आणि १३२ च्या वर पुरवठा तोडतात. तोडला असेल तर पेटी तिचं काम करते आहे. तिला वळसा घालून जोडणी करू नका.

ऑटोमॅटिक चेंजओव्हर स्विच शोअर, जनरेटर आणि इन्व्हर्टर यांतला एकच पुरवठा आत जाऊ देतो. शोअर पॉवर लावल्यावर त्यातून टक असा आवाज यायला हवा. आवाज नाही, नुसती गुणगुण आहे किंवा पुन्हा पुन्हा टकटक होते, तर कॉइल कमजोर आहे, व्होल्टेज कमी आहे किंवा संपर्क जळलेले आहेत. जनरेटरवर गाडी नीट चालते आणि शोअरवर नाही, तर दोष चेंजओव्हरच्या शोअर बाजूला किंवा त्याआधी आहे. ही चाचणी फुकट आहे आणि अर्धं शोधकाम संपवते. इन्व्हर्टर-चार्जर असलेल्या गाडीत त्याची इनपुट मर्यादाही तपासा. खांब १६ अँपिअरचा आणि मर्यादा मागच्या मुक्कामावर ६ वर ठेवलेली, हे अगदी नेहमीचं.

ब्रेकर पडतो: कोणता, आणि किती वेळाने?

एमसीबी जोडताक्षणी धाडकन पडला तर शॉर्ट सर्किट समजा. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर जास्तीचा लोड किंवा तापलेला जोड. आरसीडी पडला तर त्याचा लोडशी संबंध नाही: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नाही, थोडा अर्थिंगमध्ये गळतो आहे. २३० व्होल्टच्या पद्धतीत ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. उत्तर अमेरिकी जीएफसीआय मात्र ५ मिलिअँपिअरच्या आसपास तोडतो. म्हणूनच घराच्या गॅरेजमधल्या जीएफसीआय सॉकेटवर अडॅप्टरने गाडी लावली की ते लगेच पडतं, आणि कॅम्पसाइटवर तीच गाडी बिनतक्रार चालते. प्रत्येक उपकरणाच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती होते आणि तिची बेरीज पाचच्या वर जाते.

आरसीडीचा दोष शोधायची रीत अशी:

१. गाडीतले सगळे एमसीबी खाली करा, मग मुख्य आरसीडी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडेल ते सर्किट पकडा.

२. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीडी पडत असेल तर लगेच आरसीडीला दोष देऊ नका. एकेरी पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एखाद्या उपकरणात न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर एमसीबी बंद ठेवूनही आरसीडी पडतो. अशा वेळी उपकरणांचे प्लग प्रत्यक्ष उपसून काढावे लागतात. गीझर, फ्रिज, चार्जर यांच्या थेट जोडलेल्या तारा इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्याव्या लागतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे डबल पोल ब्रेकर असलेल्या गाडीत हा त्रास नाही.

३. खांबाचाच आरसीडी पडत असेल तर केबलचं गाडीकडचं टोक मोकळं ठेवून तिची नुसती चाचणी घ्या. मोकळ्या केबलवरही पडला तर केबलमध्ये ओल किंवा इन्सुलेशनचा दोष. ते मोकळं टोक त्या वेळी जिवंत असतं, जमिनीवर टाकून देऊ नका.

संशयितांमध्ये गीझरचं एलिमेंट पहिलं. त्याच्या धातूच्या नळीत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल शोषते; नळीला बारीक भेग गेली की गळती सुरू. फ्रिजचं बाहेरच्या विजेवर चालणारं एलिमेंट दुसरं. पावसानंतरच आरसीडी पडत असेल तर बाहेरचं सॉकेट आणि इन्लेट आधी बघा. मल्टिमीटरने एलिमेंट ते बॉडी मोजून काही सापडलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. मीटरची स्वतःची बॅटरी काही व्होल्टचीच असते आणि गळती पूर्ण व्होल्टेजला दिसते. ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासल्यावर इन्सुलेशन निदान १ मेगाओहम यायला हवं. मेगर लावण्याआधी चार्जर, इन्व्हर्टर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स सोडवावे लागतात, म्हणून हे काम जाणकारावर सोपवा.

नंतर बसवलेला इन्व्हर्टर हाही संशयित आहे. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ गाडीत जोडलेले असणं योग्य, पण शोअर पॉवर आल्यावर तो जोड सुटायला हवा. सुटला नाही तर खांबाचा आरसीडी टिकत नाही.

लोडचा हिशेब

२३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, १० म्हणजे २३००, १६ म्हणजे ३६८०. १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ३६००. एसी चालताना हजार ते दीड हजार, हेअर ड्रायर पंधराशेच्या वर, घरातली किटली दोन ते तीन हजार, गीझर ८५० ते १४५० वॉट, चार्जर तीन-चारशे. ६ अँपिअरच्या खांबावर गीझर आणि हजार वॉटची छोटी किटलीसुद्धा एकत्र चालत नाहीत. गीझर, फ्रिज आणि चार्जर हे गुपचूप सुरू होतात, म्हणून बेरीज करताना तेच विसरले जातात.

बॉडीला शॉक

बॉडीवर वीज येते ती दोन गोष्टी एकदम घडल्यावर: अर्थिंग कुठेतरी तुटलेलं आणि आत कुठेतरी गळती. मीटरचं एक टोक खांबाच्या अर्थ पिनला आणि दुसरं चासीच्या रंग नसलेल्या धातूला लावा. खांबाच्या अर्थिंगचीच शंका असेल तर पहिलं टोक ओल्या मातीत खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरला. माप शून्याजवळ हवं. पुरवठ्याच्या साधारण निम्मं, म्हणजे ११५ किंवा ६० व्होल्ट दिसलं, तर बहुधा चार्जर वगैरेंच्या फिल्टरमुळे तरंगणारी बॉडी आहे, अर्थिंग तुटलं आहे. पूर्ण व्होल्टेज दिसलं तर फेज थेट बॉडीला टेकला आहे.

यावर उपाय म्हणून काहीजण गाडीशेजारी लोखंडी सळई ठोकतात. जमिनीचा रोध १०० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्यातून २.३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा ब्रेकर त्याने हलतही नाही आणि बॉडी जिवंतच राहते. तुटलेली अर्थ वायर शोधून जोडणं हाच इलाज. केबल काढून प्लगच्या अर्थ पिनपासून चासीपर्यंत कंटिन्युइटी (तार अखंड आहे का ते) मोजली, तर दोष गाडीचा की खांबाचा हे मिनिटभरात कळतं.

उलटी पोलॅरिटी, म्हणजे फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल, यापेक्षा सौम्य वाटते, कारण सगळं चालू राहतं. पण एकेरी स्विचने बंद केलेल्या उपकरणात फेज तसाच उभा असतो. दोन गोल पिनांच्या युरोपीय प्लगला अर्धं वळवून खोचलं की पोलॅरिटी बदलते. निळ्या प्लगला ते जमत नाही. काही प्रवासी फेज-न्यूट्रल अदलाबदल केलेला छोटा अडॅप्टर ठेवतात. ठेवायचाच तर त्यावर ठळक खूण करा आणि प्रत्येक वेळी टेस्टरने खात्री करा, नाहीतर नीट असलेला पुरवठा तोच उलटा करील.

सॉकेट चालतात, बॅटरी भरत नाही

शोअर पॉवर जोडण्याआधी आणि जोडल्यावर बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १२.४ वरून ते १३.२ च्या पुढे चढू लागलं तर चार्जर चालू आहे. पुढे ते १४.४ पर्यंत जातं आणि भरल्यावर साधारण १३.५ वर स्थिरावतं. जागचं हललंच नाही तर चार्जरचा एमसीबी, मग त्याचे डीसी बाजूचे फ्यूज, मग बॅटरी डिस्कनेक्ट स्विच. बॅटरी काढून बसवताना टोकं क्षणभर उलटी लागली असतील तर चार्जरचे उलट-पोलॅरिटी फ्यूज उडालेले असतात. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्जिंग स्वतःच रोखते. तो दोष नाही, तिला ऊब मिळाली की भरू लागते.

दुरुस्तीनंतर जोडताना खांबाचा ब्रेकर बंद, गाडीतला मोठा लोड बंद, केबल आधी गाडीला, मग खांबाला, मग ब्रेकर वर. काढताना उलट क्रम. इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं तर त्याला "वीज येत नाही" एवढंच सांगू नका. खांबावरची तीन मापं, गाडीतलं लोडशिवायचं आणि लोडवरचं व्होल्टेज, कोणता ब्रेकर किती वेळाने पडला आणि त्या वेळी काय चालू होतं, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.